नळीचं दुसरं टोक

सादिक गच्चीवर पोटावर पडून भिंतीपलीकडं पाहत होता. गुणवंतरावांच्या परसातल्या स्विमिंग पुलातून वाफा निघत होत्या. भर डिसेंबरात अहेरीची पोरं गरम पाण्यात डुंबत होती, आणि त्यात सादिकचीही दोन होती.

त्याचा नुसता तिळपापड झाला. वीस वर्षं गावातले गीझर त्यानं दुरुस्त केले, आणि पूल गरम केला कोणी? तर एका रिटायर कारकुनानं!

"उतरा न जी खाली," अख्तरी अंगणातून ओरडली. "गुणवंतभाऊचं डोकं पाहा! घरच्या घरी हिटर बनवला."

"मले नको सांगू!" घरच्या बायकोनंच शेजाऱ्याचे गोडवे गावेत, हे त्याला फार झोंबलं.

वरून बरंच दिसायचं. चुलीवर लोखंडी ड्रम, झाकण मातीनं लिंपलेलं. झाकणातून तांब्याची नळी निघून पाण्याखाली चार वेढे घ्यायची आणि पलीकडं गोठ्यात जायची. पुढचं दिसत नव्हतं, गोठ्याला कुलूप होतं.

शेवटी त्यानं लाज सोडून विचारलंच. "भाऊ, नळीचं दुसरं टोक कुठी नेलं?"

"ते सांगितलं तर माझं काय राह्यलं?" गुणवंतराव हसले. तेवढ्यात त्यांचा गडी वारलू सायकलवर मोहफुलांचं पोतं घेऊन आला. "गुरांचं खाणं तिकडं ठेव," म्हणत ते त्याच्यामागं गेले.

बुवा, केवढा भाव खाऊन राह्यला हा! सादिकनं त्याच दिवशी परसात खड्डा खणायला घेतला.

महिन्याभरात हौद झाला. तसाच ड्रम, तेवढेच वेढे. ड्रममध्ये पाणी भरलं. दुसऱ्या टोकाचं काय करायचं ते कळेना, म्हणून खाली बादली ठेवली. चूल पेटवली, बादलीत थेंब थेंब पाणी पडू लागलं आणि दुपारपर्यंत हौद कोमट झाला. अख्तरीनं पाण्यात हात घातला आणि नवऱ्याकडं पाहून खुदकन हसली. त्याला दुसरं काही नको होतं.

रविवारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. नवे ठाणेदारही आले. दारूबंदीच्या जिल्ह्यात धाडी टाकून टाकून त्यांचे पाय सुजले होते. पाय हौदात सोडून ते म्हणाले, "वा सादिकभाई! काय डोकं चालवलं!"

कोपऱ्यात गुणवंतराव उभे होते. सादिकला आपल्या जळफळाटाची एकदम लाज वाटली.

"माझं काई नाई, साहेब," तो म्हणाला. "सारी हुशारी गुणवंतभाऊची. मी निस्ती नक्कल केली."

"असू द्या, असू द्या," गुणवंतराव पुटपुटले आणि कपाळाचा घाम पुसू लागले. केवढा साधा माणूस, सादिकला वाटलं.

ठाणेदारांनी बादलीत बोट बुडवून वास घेतला. "त्यांच्या नळीचं हे टोक कुठं असतं?"

"गोठ्यात. कुलूप राह्यते."

भिंतीपलीकडं सायकलची घंटी वाजली. ठाणेदारांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं, वारलू पोतं उतरवत होता.

"त्यात काय आहे?"

"मोहफूल साहेब. भाऊच्या गुरांसाठी."

"किती गुरं आहेत त्यांच्याकडं?"

"एकच गाय होती," सादिक म्हणाला. "तीबी दोन वर्षांमागं इकली."