चैतीच्या लग्नाचं आवतण

माघ्याने बाइक दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. मागे चैती बसली होती. खड्डा दिसला की तो जवळजवळ थांबायचा, आणि खोडाळ्याच्या त्या रस्त्यावर खड्डा दिसत नाही असं फार वेळ होत नाही.

दुपारचं ऊन अंगाला टोचत नव्हतं. कापणी झालेल्या खाचरांतून गार वारा येत होता. समोरून आलेल्या जीपवाल्याने हात केला आणि हसला. दोघं या वयात फिरायला निघाली असंच त्याला वाटलं असणार. एका अर्थी ते खरंही होतं. बावीस वर्षांत चैती कामाशिवाय कुठे गेली नव्हती, आणि आज ती लग्नाचं आवतण द्यायला निघाली होती. लग्न तिचंच होतं, माघ्याशीच.

इकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. संसार आधी सुरू होतो, लग्न जमेल तेव्हा लागतं. कधी कधी आईबापाच्या मांडवात पोरंही नाचून घेतात. माघ्या-चैतीचं दरसाल पुढच्या सालावर गेलं. मग महिन्यापूर्वी नाशिकच्या डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं, आवडेल ते खायला घाला म्हणाले. याचा अर्थ न कळायला चैती काही खुळी नव्हती. घरी येताच तिने एकच मागितलं. जित्या अंगाला हळद लागू दे.

चूक एवढीच झाली, की त्यांनी दिवस पौषातला धरला. दिवाळी झाली की या डोंगरातली माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती शिमग्याला परत येतात, आणि लग्नं त्यानंतरच लागतात. हे दोघांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? दरसाल दोघंही जात होतीच की. पण माणूस घाईत असला की ठाऊक असलेलंही विसरतो.

पहिल्या पाड्यावर अकरा घरं होती आणि अकराही दारांना तार गुंडाळलेली. आवतण म्हणजे हळदीत घोळलेले चार तांदूळ हातावर ठेवायचे. बंद दाराला ते देत नाहीत. तरी चैती उतरली, कुडाला धरत एकेका दारापाशी जाऊन आली आणि तांदळाची पुरचुंडी तशीच घेऊन पुन्हा मागे बसली.

दुसऱ्या पाड्यावर जिव्या म्हातारा उन्हात पडला होता. तिने त्याच्या हातावर तांदूळ ठेवले. त्याने ते तोंडात टाकले आणि चावत चावत विचारलं, अजून आहेत का. चैतीला हसू फुटलं, खूप दिवसांनी.

नवशी धवलेरी तिसऱ्या पाड्यावर राहायची. इथे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी गाणी म्हणून लावते. नवशी सत्तरीची, नवरा कधीच गेलेला, विटा उचलण्याच्या कामाची उरली नव्हती म्हणून मागे राहिलेली. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. माघ्याने तिला येत्या गुरुवारचं सांगितलं. तिने त्याचं ऐकत चैतीकडे पाहिलं, मग चैतीच्या पायांकडे. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. नवशीने तांदळासाठी हात पुढे केला नाही.

"गाया मी येन," ती म्हणाली. "पन हळद कोन लावल? पाच सवाशिनी लागतात."

माघ्याने मनात मोजून पाहिलं. पाड्यांवर दिसल्या त्या नवशी धरून तीन बायका, आणि तिघीही विधवा. नवरे जिवंत होते त्या सगळ्या नवऱ्यांबरोबर भट्टीवर. खोडाळ्याच्या बाजारातून कुणाला तरी बोलावतो, तो म्हणाला. नवशीने मान हलवली. सवाशीण आपल्यातलीच लागते, आणि लग्न लागलेली.

"मंग तूच लाव की," चैती म्हणाली.

"माजा हात चालत नाय, पोरी. शिमग्याला करा. सगलं येतील."

शिमगा दोन महिन्यांवर होता, आणि चैतीकडे तेवढे दिवस नव्हते. नवशीला ते न सांगता कळलं. तिने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि चैतीचा हात हातात घेतला.

"नाय थांबलीस तरी भिऊ नको," ती म्हणाली. "मसनात न्यायच्या आदी हळद लावतातच. त्या हळदीला सवाशीन लागत नाय. मी येन."

"आन गानं?"

"तवा गानं नसतं."

चैतीने मान डोलावली. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती उठली, सावकाश चालत बाइकपाशी गेली आणि सीटला धरून उभी राहिली. माघ्याही गेला. त्याने किक मारली, तिला नीट बसवलं, तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. मग इंजिन तसंच चालू ठेवून तो परत अंगणात आला. विचारायची त्याला लाज वाटत होती. बावीस वर्षांचा संसार केलेला गडी, तरीही.

"तिला लावशील तवा मलापन लावशील ना?" त्याने हळूच विचारलं.

नवशीने शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या.

"लावीन. नवरा तूच ना," ती म्हणाली. "पन ती हळद घरी नेऊ नको. थितंच नदीवर धुऊन टाक."