दोघांचं गाणं

“बोलता येत नसलं तरी गाता येतं कधी कधी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांच्या आवडीचं गाणं ऐकवत राहा. एक शब्द जरी आला तरी पुढची आशा.”

जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये ओरडून बोललेले शामकांत अर्धांगाचा झटका आल्यापासून सिंगापूरला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात छताकडे बघत पडले होते. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई उशाशी बसून होत्या.

“आवडीचं म्हणजे आमचंच,” त्या मुलाला म्हणाल्या. “लग्नाच्या वर्षी मिरजेला बघितलेल्या सिनेमातलं. एक ओळ त्याची, एक तिची. शोध.”

धनेशने वडिलांच्याच फोनमध्ये शोधलं. चाल तीच, शब्द भलतेच.

“हे काय रे?”

“तमिळ आहे, आई. तो सिनेमा तमिळवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी परत काढला. बाबांच्या फोनमध्ये ही सगळी गाणी आहेत.”

“चालीसाठी ठेवली असतील. बंद कर. आमचं गाणं पळवायचं आणि वर आम्हालाच ऐकवायचं!”

धनेशने मराठी गाणं मिळवलं. सकाळ-संध्याकाळ वाजवलं. शामकांतांची पापणी हलली नाही. मग कधी कुणापुढे न गायलेल्या मीनाक्षीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि आपली ओळ गायल्या. शामकांतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“दमलेत,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर एक तमिळ बाई रोज डबा घेऊन बसलेली असायची. पडद्यापलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या अण्णांची कोणीतरी. मीनाक्षीबाई तिच्याशी आपल्या मोडक्या हिंदीत बोलायच्या.

“तुमचे कसे आहेत?”

“बोलत नाहीत.”

“आमचंही तेच बघा. नाहीतर इतका ठणठणीत माणूस! दर शनिवारी पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला. पासिर रिसच्या घरून सकाळी जायचे ते अंधार पडता पडता यायचे. इतरांचे नवरे गुडघाभर चिखल घेऊन येतात, ह्यांच्या बुटाला धुळीचा कण नाही. टापटीप म्हणजे टापटीप!”

बाई डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली.

“आणि तुमच्या लोकांनी आमचं गाणं चोरलं, बरं का.”

“छान आहे ते गाणं,” बाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मीनाक्षीबाईंनी तिला रुमाल दिला. “अहो, असं रडून कसं चालेल? आपण बायकांनीच घट्ट राहायचं.”

बाईने रुमाल घेतला, वापरला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना घरी सोडलं. खाट रिकामी झाली. बाई मात्र बाकावर होतीच. औषधं घ्यायची राहिली असतील बिचारीची.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी शामकांतांना तपासलं आणि मान हलवली. “अजून काहीच नाही. आता फार आशा धरू नका.”

मीनाक्षीबाईंनी पलंगाचा दांडा धरला.

“आई,” धनेश चाचरत म्हणाला, “ते तमिळ लावून बघू?”

“लाव,” त्या म्हणाल्या. “माझा मान गेला चुलीत.”

वाद्यं सुरू झाली. शामकांतांचे ओठ हलले. धनेशने घाईघाईने फोन बंद केला. त्या शांततेत शामकांत गाऊ लागले. जाड, खरखरीत आवाज, पण एकही शब्द न अडखळता. त्याची अख्खी ओळ, तमिळमध्ये.

“बोलले!” मीनाक्षीबाई रडत हसल्या. “धनेश, अरे बोलले रे तुझे बाबा!”

धनेश आईकडे बघत नव्हता. शामकांतही नाही. ओळ संपवून ते थांबले होते. पुढची ओळ तिची होती.

मीनाक्षीबाईंना ती तमिळमध्ये येत नव्हती.

ती दारातून आली.