फळीवरची मोडी

“आंटी, फळीवरच्या ओळीचा मी सांगितलेला अर्थ छापू नका,” निशिकांत म्हणाला.

डोरोथी आंटी फडक्याने बाकं पुसत होत्या. सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या उंच इमारतींमागे दडलेलं हे छोटं लाकडी अँग्लिकन चर्च त्या भागातलं सगळ्यात जुनं. त्याचा इतिहास आंटींनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतः बसून लिहिला होता. पुस्तिका उद्या छापायला जायची होती.

सहा महिन्यांपूर्वी निशिकांत फिरत फिरत सहज इथे आला होता. आंटींनी त्याला वेदीजवळच्या फळीवर कोरलेली अक्षरं दाखवली. ही मोडी, हे त्याने लगेच ओळखलं. आजोळच्या जुन्या कागदांवर असंच काहीसं पाहिलेलं. “आमची जुनी लिपी!” तो छाती फुगवून म्हणाला. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण आंटींनी विचारलं, “वाचता येते?” आणि पुण्याचा माणूस ‘नाही’ म्हणेल कसा?

“देवाचं घर,” त्याने मराठीत ठोकून दिलं आणि वर इंग्रजीत अर्थही सांगितला.

मग दर रविवारी प्रार्थना संपली की स्वारी हजर. चहा, पांदानच्या पानांचा हिरवा केक, पुढची खुर्ची. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात कामाशिवाय त्याला कुणी विचारत नसे. इथे लोक भोवती जमत. गोष्ट दर खेपेला वाढत गेली. तिसऱ्या रविवारी कोरणारा माणूस साताऱ्याचा निघाला, पाचव्या रविवारी देवाने त्याला स्वप्नात दृष्टान्त दिला.

काल बायकोची भाची राधिका जेवायला आली. ती क्लेमेंटीत खोली घेऊन राहते, जुन्या कागदपत्रांवर संशोधन करते. निशिकांतने कौतुकाने फळीचा फोटो पुढे केला. वरणभात कालवता कालवता तिने तो वाचून टाकला. “डावी बाजू, तिसरी फळी. सुतारांची खूण आहे, काका. बांधताना अदलाबदल होऊ नये म्हणून.” बायकोला हसू आवरेना. निशिकांतने फोटो हळूच मागे घेतला.

आता तो मान खाली घालून उभा होता. कानशिलं तापली होती. इतकी लाज त्याला शाळेत कॉपी करताना पकडला गेला तेव्हाही वाटली नव्हती.

“मला मोडी येत नाही, आंटी. कधीच येत नव्हती. मी खोटं बोललो. तिथे फक्त...”

“डावी बाजू, तिसरी फळी,” आंटी आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. “ठाऊक आहे, लाह. मुंबईहून आलेल्या माझ्या आजोबांनीच कोरलंय ते. लहानपणी मला बोट धरून दाखवायचे. पुस्तिकेतही मी तेच लिहिलंय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं निशिकांतला झालं. सहा महिने थापा मारल्या, त्याही खुद्द सुताराच्या नातीसमोर!

“मग पहिल्याच दिवशी मला थांबवलं का नाहीत?”

आंटींनी फडकं झटकून त्याची घडी केली.

“आजोबा गेले त्याला पंचाहत्तर वर्षं झाली, मिस्टर निशी. त्यानंतर त्यांची भाषा मी तुमच्याच तोंडून ऐकली. तेव्हाच तुम्हाला खोटं पाडलं असतं, तर तुम्ही परत आला असतात का?”