दोघांचं मीठ

"तुम्ही दोघं एकदाचे वेगळे का होत नाही?"

हे घरी आई-बाबांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. रविवारी खिमा-राजम्याच्या चिलीचं पातेलं रटरटत असताना तिनं बेधडक विचारून टाकलं.

खरं तर त्या पातेल्यावरच तिची सारी भिस्त होती. बाबा खिमा परतायचे, आई शिजलेला राजमा त्यात ओतायची. आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तेवढा वेळ एका शेगडीपाशी उभी राहायची. बोलायची मात्र तिच्यामार्फत.

"बाबांना सांग, जरा सरकायला."

"आईला सांग, ओत म्हणावं."

मीठ घातलं का, हे कुणीच कुणाला विचारत नसे, म्हणून दोघंही घालत. ती खारट चिली ती दर रविवारी चाटूनपुसून खायची आणि "एक नंबर झालीय" म्हणायची.

प्रश्न ऐकून दोघं कित्येक महिन्यांनी एकदम, एका सुरात बोलले, "तुझ्यासाठी."

तिनं पळीनं थोडी चिली वाटीत घेतली, चाखली आणि वाटी खाली ठेवली.

"खूप खारट झालीय," ती म्हणाली. "मी हॉस्टेलवर राहायला जातेय. पुढच्या रविवारपासून दोन पातेली चढवा."