पायाचं काम
ट्रकवर गाद्या चढल्या, दोऱ्या आवळून झाल्या, आणि नेमकी आमदार हॅगुड यांची गाडी दारात येऊन उभी राहिली.

फर्मिनला वाटलं, आपण खरंच निघालो की नाही ते बघायला आले असतील. कायदा त्यांचाच होता. कागद नसलेल्या परक्याला घर देणं गुन्हा, काम देणं गुन्हा, गाडीत बसवणंही गुन्हा. अख्ख्या अलाबामाने टाळ्या पिटल्या होत्या. म्हणून तर फर्मिन बायकापोरांसह आज राज्य सोडून निघाला होता.

"आजचा दिवस थांबा हो," आमदार म्हणाले. "संध्याकाळी शाळेची फायनल आहे. तुमचा एलिसेओ नसेल तर किक कोण मारणार?"

प्रश्न खरा होता. इथे फुटबॉल म्हणतात तो बगलेत चेंडू मारून पळायचा खेळ. त्याला चर्चपेक्षा गर्दी जास्त. त्यात पायाचं काम एकच, चेंडू लाथेने दोन खांबांमधून उडवायचा. तेवढं मात्र या मेक्सिकन पोराशिवाय गावात एकालाही जमत नव्हतं.

फर्मिन घुटमळला. "साहेब, रस्त्यात पोलीस असतात. पोरगा सापडला तर पुन्हा आमच्या नजरेला पडायचा नाही."

"मी नेतो, मीच आणून सोडतो. माझी गाडी अडवायची कुणाची छाती आहे?"

नाक्यावर पोलिसाने आत डोकावून एलिसेओला ओळखलं. निर्लज्जपणाची कमाल अशी, की त्याने चक्क सलाम ठोकला. "आज उडव रे!" म्हणाला आणि वाट मोकळी केली.

एलिसेओने उडवला. शेवटच्या क्षणी, भलत्याच लांबून. गाव नाचलं, रडलं. "आमचा पोरगा, आमचा पोरगा" करत आमदारांनी त्याच्या गळ्यात पडून फोटो काढून घेतले.

गर्दी पांगली. फाटकावर पोलीस आता लोकांचे कागद तपासू लागले होते. एलिसेओ धावत आमदारांच्या गाडीशी गेला. दार आतून बंद होतं.

"सर, सोडताय ना घरी? बाबा वाट बघतायत."

काच बोटभर खाली आली. "कसं सोडू, बाळा? कायदा आहे ना."

"पण येताना आणलंत की!"

"तेव्हा मॅच व्हायची होती."