आपाची मांडी

पट्ट्यापट्ट्यांचा दांडका रस्त्यावर आडवा झाला आणि बेगिमायने गाडी कडेला घेतली. दांडका मिर्लानचा होता. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसून तिची वेणी ओढणारा मिर्लान आता वाहतूक पोलिसात होता. तिला आतून इतकं हायसं वाटलं की चेहरा गंभीर ठेवताना जीव मेटाकुटीला आला. काल तिनेच त्याला फोन करून सांगितलं होतं, उद्या काराकोलला लग्नाला निघालोय, काहीही कर पण आमची गाडी थांबव.

मागच्या सीटवर तिची सासू कालिपा बसली होती आणि सासूच्या मांडीवर पाच वर्षांची सेझिम.

तसं म्हटलं तर सेझिम बेगिमायच्या पोटची. पण घरातलं पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत. चाळीस दिवसांची झाली तेव्हाच कालिपाने तिला आपल्या कुशीत घेतलं. पोर आजीला आपा म्हणे, गाव मानाने म्हणे तसं नव्हे, आई म्हणून, आणि सख्ख्या आईला वहिनी. आजोबा गेले, बेगिमायचा नवरा कामासाठी रशियात गेला, तरी रीत जागची हलली नाही. बेगिमाय पोरीला न्हाऊ-माखू घाली, पण पोरीबद्दल शब्द चाले तो आपाचा.

वसंतात तिने बूस्टर सीट विकत आणली होती. मुलांना अशा सीटवर बसवा, असा कायदाच होता. कालिपाने त्या सीटकडे उष्ट्या ताटाकडे बघावं तसं बघितलं होतं. "माझ्या मांडीवर पाच वाढले. प्लॅस्टिकच्या मांडीवर एकही नाही." विषय संपला. आपाला उलटून बोलणारी सून त्या गावात अजून जन्मायची होती. तेव्हापासून बेगिमाय गाडी अशी हाकी की गवताच्या गाड्यासुद्धा मागून येऊन पुढे जात. ब्रेकवर पाय ठेवायचा म्हटलं की तिला घाम फुटे.

मिर्लान वाकून खिडकीत डोकावला. "सलाम, आपा. मूल मांडीवर चालत नाही. कायदा आहे."

"कायद्याला आई नव्हती वाटतं?" कालिपा कडाडली. "तू दुपट्यात होतास ना, तेव्हा तुझी आई तुला माझ्याच मांडीवर टाकून गाय दोहायला जायची. तेव्हा नाही तुला कायदा आठवला!"

"तेव्हा तुमच्या मांडीखाली चाकं नव्हती, आपा." मिर्लानने आवाज चढवला. "आणि हातांतही बळ होतं. आता ब्रेक लागला तर पोर काचेवर आदळेल. तुम्हाला नाही धरता येणार. म्हाताऱ्या झालात तुम्ही!"

 एवढं बेगिमायने त्याला सांगितलं नव्हतं. कालिपाला म्हातारी म्हणायची गावच्या मुखियाचीही छाती नव्हती. ती आता दार उघडून त्याच्या कानाखाली आवाज काढणार, अशा धास्तीने बेगिमायने मान खाली घातली.

पण कालिपाने दाराला हातही लावला नाही. मग नाराजीने म्हणाली, "अरे, पण इथे माळावर सीट कुठून आणू? उगवते का?"

"आपा," बेगिमाय चाचरत म्हणाली, "डिकीत आहे. गोधड्यांच्या खाली."

"कधीपासून?"

"वसंतापासून."

"बघा! म्हणजे सहा महिने माझ्याच पाठीमागे दडवलीय!" कालिपा म्हणाली आणि उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

सीट लागली. सेझिम टुणकन चढून बसली. तिला पहिल्यांदाच खिडकीतून रस्त्यालगतचं अख्खं सरोवर दिसलं आणि ती टाळ्या पिटायला लागली. बेगिमायने पट्टा अडकवला. क्लिक असा आवाज झाला आणि सहा महिन्यांचं ओझं तिच्या छातीवरून उतरलं. तिला रडूच येणार होतं.

ताकिदीच्या कागदावर सही करायची म्हणून मिर्लानने तिला गाडीच्या मागे नेलं. "तुझे उपकार झाले रे," ती कुजबुजली. "पण म्हातारी कशाला म्हणालास? मेल्या, जीव गेला असता तुझा."

"ते त्यांनीच सांगितलं होतं म्हणायला."

"कोणी?"

"तुझ्या सासूने. तुझा फोन यायच्या आदल्या दिवशी चौकीवर आल्या होत्या. मागे एकदा मेंढ्या आडव्या आल्या आणि तू ब्रेक मारलास, आठवतं? पोर त्यांच्या हातातून निसटून खाली पडली होती. म्हणाल्या, हात आता धरत नाहीत रे. मला थांबव आणि सुनेसमोर चांगली झाप. मी आपणहून सांगितलं तर ती म्हणेल, सांभाळता येत नाही तर माझी पोर मला परत द्या."

बेगिमाय तिथेच उभी राहिली. हे वाक्य तिने मनात शंभरदा घोकलं होतं. परवा रात्रीसुद्धा. त्या मेंढ्यांच्या दिवशी तिने वळून पाहिलं होतं, सेझिम खाली बसून हसत होती आणि कालिपा म्हणाली होती, तीच उतरली खेळायला.

ती गाडीत येऊन बसली. कालिपा समोर बघत होती. हात पदराखाली घ्यावेत तसे शालीत लपवलेले होते.

"दंड केला?"

"नाही. ताकीद दिली."

"उद्धट आहे मेला."

"आहेच."

बेगिमायने किल्ली फिरवली नाही. तिने मागे वळून सेझिमकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आपा, तुमच्या लेकीचा पट्टा तुम्ही स्वतः एकदा बघा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. नुसतं आजच नाही, यापुढे कधीच."