मागचे उजवे चाक

सन २०१८च्या फेब्रुवारी महिन्यात, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, मोरोक्कोच्या दक्षिणेकडील ताता गावाच्या वेशीवर, बूजमा मिस्त्रींच्या गॅरेजसमोर एक जुना जर्मन ट्रक उभा होता. कधीकाळी तो अग्निशमन दलात होता; गेली चार वर्षे तो एका कुटुंबाचे घर होता. त्या सकाळी मागून जळका वास येऊ लागला, तेव्हा त्याला कसेबसे इथवर आणले होते. आता त्याचे मागचे उजवे चाक काढून भिंतीला टेकवलेले होते, आणि त्या घरची बाई, वीबके, बाजूला पडलेल्या एका टायरवर बसून मिस्त्रींच्या हातांकडे पाहत होती.

मिस्त्रींनी बेअरिंग बाहेर काढली, डिझेलमध्ये धुतली आणि गोणपाटावर ठेवली. तापून पोलाद निळे पडले होते.

बेअरिंग अशी तापून गेली, हे वीबकेचा नवरा हेनिंग याला मान्य होण्यासारखे नव्हते. ट्रक थांबला की त्याने इंजिन बंद करायचे आणि वीबकेने उतरून चारही चाकांच्या मध्यभागी असलेल्या हबवर तळहात ठेवायचा, असा त्यांचा रिवाज होता. चारही सारखेच कोमट असले तर ठीक. एखादा जास्त तापला असेल तर आत बेअरिंग जात आहे असे समजायचे. मग ती खिडकीखालून "सारखे आहेत" असे सांगे आणि तो ते वहीत टिपून ठेवी. चार वर्षांत एकही थांबा सुटलेला नव्हता. ती वही उघडून तो मिस्त्रींना पानामागून पान दाखवू लागला. त्याला फ्रेंचचा गंध नव्हता; तेव्हा तेरा वर्षांची टोम्के मध्ये उभी राहून बापाचे म्हणणे तिकडे आणि मिस्त्रींचे इकडे पोचवत होती.

मिस्त्रींनी वहीवर नजर टाकली. "वहीतलं चाक उत्तम आहे," ते म्हणाले. "मी ह्या चाकाचं बोलतोय."

टोम्केने हे जसेच्या तसे सांगितले, किंबहुना थोडे चवीनेच.

वीबकेला शनिवारची दुपार आठवत होती. हब असा तापलेला, की हात ठेववेना. ते सांगितले असते तर हेनिंगने तिथेच, भर वाऱ्यात, ताडपत्री अंथरली असती, हत्यारे आकाराप्रमाणे मांडली असती, आणि पुढचे दोन दिवस तो त्याच विषयावर बोलत राहिला असता. तेवढे ऐकून घेण्याचे त्राण तिच्यात उरले नव्हते. "सारखे आहेत," ती म्हणाली. रविवारी तिच्या मनात आणखी एक विचार आला: गाडीच मोडली, तर 'आता पुरे' असे कुणाला तोंडाने म्हणावे लागणार नाही. सोमवारी घाट उतरल्यावर तिने डावा तळहात त्या हबवर मुद्दाम दाबून धरला, सोसवेना तोवर. आणि पुन्हा तेच सांगितले.

चहा आला. मिस्त्रींनी पहिला पेला तिला दिला. पेला चटका देणारा होता, म्हणून तिने दुसरा हात पुढे केला आणि लगेच बाहीत ओढून घेतला. तळहातावरचा फोड मिस्त्रींना दिसला.

हेनिंगचा वाद अजून संपला नव्हता. बेअरिंग आज सकाळीच एकाएकी गेली असली पाहिजे. हाती असलेल्या नोंदींवरून दुसरा निष्कर्ष निघूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले, की पोलाद एका सकाळीत असा रंग धरत नाही. हे तीन दिवसांचे काम आहे, आणि हात लावणाऱ्याला ते कळल्यावाचून राहिले नसणार.

वीबकेचे फ्रेंच मोडकेतोडके होते. पण एवढे कळण्यापुरते ते पुरेसे होते. तिने पेला खाली ठेवला.

टोम्के बापाकडे न पाहता म्हणाली, "ते म्हणतात, एकाएकीच गेली. होतं असं कधीकधी."

"मी तरी दुसरं काय सांगत होतो," हेनिंग म्हणाला, आणि समाधानाने वहीत लिहू लागला.

आपल्या मुलीला हे इतके सफाईने जमले, याचेच वीबकेला भय वाटले.

"ती खोटं बोलतेय," ती म्हणाली. "माझ्यासाठी. ते तीन दिवस म्हणाले. मला शनिवारपासून ठाऊक होतं."

हेनिंगची पेन्सिल थांबली.

"काल आपण घाट उतरलो," तो म्हणाला. "टोम्के मागच्या खोलीत झोपली होती. त्याच चाकाच्या वर."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू ते दुरुस्त केलं असतंस."

हेनिंगने वही मिटली, पुन्हा उघडली. शेवटी त्याला जे येत होते तेच त्याने केले. नवी बेअरिंग किती दिवसांत येईल, आणि ती घातल्यावर ठरल्याप्रमाणे दक्षिणेला, थेट सेनेगलपर्यंत जाता येईल का, हे त्याने टोम्केला विचारायला सांगितले.

टोम्केने विचारले. मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. ट्रकभोवती एक फेरी घालून त्यांनी उरलेली तिन्ही चाके तपासली, आणि परत येऊन वीबकेकडे, तिच्या बाहीतल्या हाताकडे पाहत हळू आवाजात काही बोलले.

"ह्या वेळी खरं सांग," हेनिंग म्हणाला.

"खरंच सांगतेय," टोम्के म्हणाली. "बेअरिंग गुरुवारी येईल. गाडी जाईल. बाई जाणार नाहीत."